वाचकांचे प्रश्न : दाढीची वडी महिन्यात का संपते?

प्रश्न : ट्यूबमधले क्रीम सोडून मी अलीकडे डबीतल्या गोल वडीच्या साबणाने दाढी करू लागलो आहे. वडी मऊ व्हावी म्हणून आंघोळीचे गरम पाणी डबीत ओतून दहा मिनिटे ठेवतो आणि मग ब्रश घोळवतो. फेस भरपूर होतो, पण एका गालाची दाढी उरकेपर्यंत दुसऱ्या गालावरचा सुकून जातो. डबीच्या तळाशी पांढरा गाळ साचतो आणि 100 ग्रॅमची वडी जेमतेम महिनाभर पुरते. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. माझे वडील साबणाच्या कांडीने दाढी करत. त्यांची अशी तक्रार कधी ऐकली नव्हती. माझे काय चुकत असावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : डबीच्या तळाशी साचणारा तो गाळ म्हणजे बहुतांशी तुमचा साबणच आहे. एका दाढीला कडक वडीचा साधारण एक ते दीड ग्रॅम साबण पुरतो, म्हणजे रोज दाढी केली तरी 100 ग्रॅमची वडी दोन महिन्यांहून अधिक काळ चालायला हवी. तुमच्या हिशेबाने रोज तीन ग्रॅमांहून अधिक साबण खर्ची पडतो आहे, आणि त्यातला निम्मा तरी गालापर्यंत पोहोचतच नसावा. अंगाचा साबण कॉस्टिक सोड्यापासून करतात. दाढीच्या साबणात मात्र कॉस्टिक पोटॅशही वापरतात आणि स्टिअरिक आम्लाचे प्रमाण जास्त ठेवतात, त्यामुळे तो पाण्यात लवकर सुटतो आणि त्याचा फेस दाट व टिकाऊ होतो. जो साबण मुळातच लवकर विरघळावा म्हणून केलेला आहे, त्याला दहा मिनिटे गरम पाण्यात बुडवून ठेवण्याचे कारण नाही.

त्याऐवजी तोंड धुण्यापूर्वी वडीवर चमचाभर कोमट पाणी टाका, एवढेच की पृष्ठभाग ओला होईल, पण वडी तरंगू लागणार नाही. ब्रश डुकराच्या केसांचा असेल तर तो दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात उभा ठेवा, कारण ते केस पाणी शोषल्याशिवाय मऊ होत नाहीत. कृत्रिम धाग्यांच्या ब्रशाला नुसते बुडवून काढणे पुरते. उकळते पाणी दोघांनाही वर्ज्य आहे. दरम्यान गाल व हनुवटी भिजवून घ्या, किंवा आंघोळीनंतरच दाढीला बसा, कारण दाढीचे खुंट पाणी पिऊन मऊ व्हायला तेवढा वेळ लागतोच, आणि कोरड्या खुंटांवर कितीही उत्तम फेस लावला तरी पाते ओढतेच.

आता वडीवरचे पाणी फेकू नका. ते गालावर चोळा, त्यात उतरलेला साबण कामी येतो. ब्रश दोन-तीनदा चांगला झटका. ओलसर ब्रश वडीवर वीस-तीस सेकंद गोल फिरवला की केसांच्या टोकांना दाट, चिकटसर पेस्ट धरते. इथे मोठे बुडबुडे दिसू लागले तर ब्रशात पाणी जास्त राहिले आहे, असे समजावे. पेस्ट धरली की वडीचे काम संपले. डबी बाजूला ठेवा आणि फेस गालावर किंवा वाटीत करा. बहुतेकांची चूक होते ती इथेच, कारण फेस डबीतच करू लागले की वडी भिजत राहते आणि झिजत राहते.

पुढचे पाणी ब्रशाच्या टोकाने द्यायचे. टोक पाण्याला जेमतेम लावावे, गालावर पंधरा-वीस फेरे घ्यावेत, पुन्हा टोक लावावे. असे तीन-चार वेळा केले की पेस्टीचा रंग पालटून तिला साईसारखी चमक येते. थोडा फेस अंगठा आणि तर्जनी यांमध्ये घासून पाहा. बोटे एकमेकांवरून सरसर घसरली तर फेस तयार झाला. चिकटली तर पाणी कमी आहे, आणि फेस ताकावरच्या फेसासारखा हलका होऊन विरला तर साबण कमी आहे. फुगलेला फेस दिसायला देखणा असतो, पण त्यात हवाच अधिक असते, म्हणून तो लवकर सुकतो. तुमच्या गालावर हेच होत असावे.

राहिला प्रश्न बोअरच्या पाण्याचा. शाळेच्या पुस्तकातले ‘सुफेन’ (साबणाचा सहज फेस होऊ देणारे पाणी) आणि ‘दुष्फेन’ (फेस होऊ न देणारे) हे शब्द आठवतात का? पाण्याची इतकी नेमकी परीक्षा दुसऱ्या शब्दांत क्वचितच सापडेल. आपल्याकडच्या काळ्या कातळातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. ते साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चोथा तयार करतात, आणि हे सर्व क्षार संपेपर्यंत धड फेस धरत नाही. म्हणजे सुरुवातीचा साबण पाणी सुधारण्यातच खर्ची पडतो, आणि पाणी जितके जास्त तितका हा खर्च जास्त. ज्या पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, त्या पाण्याने फेसही सहजी होणार नाही. उकळून, गार करून, वरचे निवळ पाणी घेतले तर दुष्फेनपणाचा काही भाग तळाशी बसतो, सगळा नव्हे. त्याहून सोपे म्हणजे पिण्यासाठी बसवलेल्या आरओ यंत्राचे अर्धी वाटी पाणी केवळ ब्रशासाठी घ्यावे. चेहरा धुवायला नळाचे चालेल. पाणी मऊ करण्यासाठी धुण्याचा सोडा टाकण्याचा मोह मात्र टाळावा, तो त्वचेला झोंबतो.

वडिलांना अडचण का आली नाही, हेही यातून उलगडते. कांडी भिजत घालायची सोय नव्हती. ओल्या गालावर ती चार वेळा फिरवली की हवा तेवढाच साबण खुंटांना लागे, आणि उरलेले काम ओला ब्रश गालावरच करी.

प्रश्न : पावसाळ्यात डबीतली वडी कायम ओली राहते. उरलेल्या तुकड्यांचे काय करावे? शिवाय माझा फेस अलीकडे एकाएकी बिघडला आहे. ब्रश, साबण, पाणी काहीच बदललेले नाही.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दाढी झाल्यावर डबीतले पाणी पूर्ण ओतून टाका आणि पृष्ठभाग कोरडा होईपर्यंत झाकण लावू नका, सततची झड असेल तर डबी स्नानघराबाहेर ठेवा. तुकडे खिसणीवर किसून, थेंबभर पाण्याने मळून नव्या वडीवर थापले की एकजीव होतात.

फेस एकाएकी बिघडण्याबाबत एक विचारावेसे वाटते : दाढीनंतरची तुरटी तुम्ही ब्रशाच्याच मगात ठेवू लागला आहात का? तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा साबणाशी चोथाच होतो, आणि तुरटीचे पाणी प्यालेला ब्रश फेस धरत नाही. तसे असल्यास ब्रश साध्या पाण्यात तीन-चार वेळा खळबळून घ्या आणि तुरटीला वेगळी बशी द्या.