जबडा दोन जागी मोडलाय. प्लेट टाकावीच लागते का, की तारेने बांधून भागेल?

भावाचं ऑपरेशन ठरलंय आणि घरचे म्हणतात नुसती तार बांधून घ्या, असं तुम्ही लिहिलंय. असं म्हणणारं एक माणूस प्रत्येक घरात असतंच. आमच्याकडे भासरे, म्हणजे माझे मोठे दीर, होते.

माझा मुलगा वर्धा रोडवर गाडी घसरून पडला, हनुवटी दुभाजकावर आपटली. जवळच्या एका खासगी दवाखान्यात हनुवटीला टाके घातले आणि "मुका मार आहे" म्हणून घरी पाठवलं. तोंडात कोणी डोकावलंसुद्धा नाही. रात्री तो म्हणाला, "आई, दात बसत नाहीत गं." टॉर्च धरून पाहिलं तर खालच्या दोन दातांमध्ये चक्क पायरी, आणि हिरडीतून रक्त झिरपतंय. सकाळी नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. ओपीजीत, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेत, दोन फ्रॅक्चर निघाले, एक हनुवटीच्या उजवीकडे, दुसरं डाव्या अक्कलदाढेपाशी.

भासरे म्हणाले, "हाडच आहे, जुळते. दीड महिना तार बांधा, चिरफाड कशाला?" जुळेल हो, पण वाकडं जुळलं तर जन्मभर चावायचं कशाने? चावण्याचे स्नायू ते तुकडे सारखे ओढत असतात. डॉक्टरांनी आधी वरचे-खालचे दात तारेने नेमके बसवून घेतले, मग तोंडाच्या आतून चिरा देऊन टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या स्क्रूने आवळल्या. दात मिटलेले ठेवूनच काम करायचं असतं, म्हणून भुलीची नळीही नाकातून. चेहऱ्यावर ऑपरेशनचा एक व्रण नाही, आणि पट्ट्या बसल्यावर तार सोडली की तोंड उघडं. नुसती तार असती तर उलटी आली तरी तोंड उघडत नाही, उशाशी तार कापायची पक्कड ठेवावी लागते. हे मी भासऱ्यांना सगळ्यांसमोर सांगितलं आणि आजही सांगते.

प्लेट सहसा काढावी लागत नाही. जंतुसंसर्ग झाला किंवा स्क्रू ढिला पडला तरच काढतात. खालचा ओठ काही महिने बधिर राहू शकतो, घाबरू नका. साधारण सहा आठवडे चावायचं नाही, आंबील आणि मिक्सरमधून काढलेलं वरण द्या. भाऊ खर्रा (घोटलेली तंबाखू-सुपारी) खात असेल तर आजच बंद. तोंडातल्या टाक्यांवर खर्रा गेला की जखम चिघळायला वेळ लागत नाही.

हो, एक राहिलं. फ्रॅक्चर कानाजवळच्या सांध्यात असेल किंवा पेशंट लहान मूल असेल, तर पुष्कळदा न चिरताही भागतं. तुमच्या भावाचं कुठलं आहे ते सीटी पाहून सर्जनच सांगतील.