शब्द सुटे कसे ऐकू येतात: अभ्यासाला सुरुवात करताना

बोलणं तर सलग असतं, मग त्यातले शब्द आपल्याला सुटे कसे ऐकू येतात, आणि याचा अभ्यास कुठून सुरू करावा, हा प्रश्न छान विचारलात. लगेच पुस्तकांच्या मागे लागू नका, आधी आवाज डोळ्यांनी बघा. प्राट हे आवाजाचा आलेख काढून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात नेहमीच्या वेगाने ‘पाकीट आण’ एवढंच रेकॉर्ड करा. आलेखात दोन सपाट जागा, म्हणजे क्षणभराची शांतता, दिसतील, आणि दोन्ही ‘पाकीट’च्या पोटात: एक ‘क’च्या आधी, एक ‘ट’च्या आधी. दोन शब्दांच्या मध्ये मात्र काहीच नाही. ‘ट’ सुटतो तो थेट ‘आ’मध्ये.

नवे लोक इथेच अडकतात:

- लिहिताना आपण जागा सोडतो, म्हणून बोलण्यातही ती शोधत बसतात.
- वाचून दाखवलेलं रेकॉर्ड करतात. त्यापेक्षा घरच्यांना विचारून त्यांच्या गप्पा घ्या. त्यातला एक शब्द कापून नुसता ऐकवा, पुष्कळदा कुणालाच ओळखू येत नाही. आजूबाजूचे दोन-तीन शब्द जोडले की कळतो. पोलॅक आणि पिकेट या संशोधकांनी १९६४ साली इंग्रजी बोलण्यावर हेच दाखवलं.

मग एकच प्रयोग नीट समजून घ्या, सॅफ्रन, ॲस्लिन आणि न्यूपोर्ट या संशोधकांचा, १९९६ सालचा. ८ महिन्यांच्या बाळांना २ मिनिटं बनावट शब्द सलग, मध्ये न थांबता ऐकवले. कुठल्या अक्षरामागून कुठलं हमखास येतं, एवढ्यावरून बाळांनी ते वेगळे ओळखले! मला तो प्रयोग अजूनही थक्क करतो.

गणिती मॉडेलं सध्या राहू द्या. आलेख वाचताना अडलात तर जरूर विचारा.