देल्फीन सेरीगने दिग्दर्शन किती केलं आणि ते कुठून पाहायला घ्यावं

प्रश्न असा आहे: 'जान दिएलमान' पाहिला, त्यातली फ्रेंच नटी देल्फीन सेरीग मनातून जात नाही. ती पुढे दिग्दर्शिका झाली असं वाचलं, पण सूचीत दिग्दर्शक म्हणून जेमतेम एक नाव सापडतं. बाकीचं काम कुठे गेलं, आणि सुरुवात कशापासून करावी?

आधी 'पुढे झाली' हे डोक्यातून काढून टाका. अभिनय संपला आणि मग दिग्दर्शन सुरू झालं, असा तिचा क्रम नाही. १९७५ हे एकच वर्ष घ्या. शांताल आकेरमानचा 'जान दिएलमान' आणि मार्गरीत द्युरासचा 'इंडिया साँग' दोन्ही त्याच वर्षी आले, आणि त्याच वर्षी सेरीग लॉस एंजेलिसमध्ये नट्यांच्या मुलाखती घेत होती. हे सगळं एकाच बाईचं एकाच वेळचं काम आहे, आणि वेगळं काढलं तर कळत नाही.

सूचीत नाव न दिसण्याचं कारण तांत्रिक आहे. सूच्या मुख्यतः थिएटरात लागलेले चित्रपट मोजतात. सेरीगचं काम व्हिडिओवर आहे, छोट्या लांबीचं आहे आणि बरंचसं तीन-चार जणींनी मिळून सही केलेलं आहे.

अभिनयाची बाजू थोडक्यात. जन्म १९३२, बैरूत. वडील आंरी सेरीग पुरातत्त्वज्ञ. न्यूयॉर्कला अ‍ॅक्टर्स स्टुडिओत शिक्षण. १९६१ मध्ये आलँ रेनेच्या 'मारिएनबाद'ने नाव झालं (त्यातलं ऑर्गनचं संगीत तिच्या भावाचं, फ्रान्सिस सेरीगचं). १९६३ च्या 'म्युरिएल'साठी व्हेनिसला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. मग त्र्युफो, झाक दमी, बुन्युएल या दिग्दर्शकांचे चित्रपट. या दहा वर्षांत तिची एक प्रतिमा घट्ट बसली: खर्जातला, किंचित गाणारा आवाज, रेशमी कपडे, हाताला न लागणारी बाई. एप्रिल १९७१ मध्ये ३४३ स्त्रियांनी 'आम्ही गर्भपात केला आहे' असं जाहीर करणाऱ्या पत्रकावर सह्या केल्या, त्यात तिची सही होती. गर्भपात तेव्हा फ्रान्समध्ये गुन्हा होता. पुढच्याच वर्षी बोबिन्यीच्या गर्भपात खटल्यात तिने साक्षही दिली. त्या प्रतिमेतल्या बाईने हे करणं किती जड गेलं असेल, याचा अंदाज करा.

आता व्हिडिओ. व्हिडिओवर माहितीपट करणाऱ्या कारोल रूसोपूलोसने १९७० च्या सुमारास सोनीचा पोर्टापॅक घेतला होता. खांद्याला अडकवायचा रेकॉर्डर, हातात कॅमेरा, अर्ध्या इंची टेप, कृष्णधवल चित्र. ती बायकांना हे यंत्र शिकवायची. सेरीग आणि तिची मैत्रीण योआना विडेर तिथे शिकायला आल्या. या यंत्राने काय बदललं ते नीट पाहा. १६ मिलिमीटर फिल्मचं चारशे फुटी रीळ अकरा मिनिटांत संपतं, वर लॅबचा खर्च, आणि काय उमटलं ते धुऊन आल्यावरच कळतं. व्हिडिओच्या रिळात वीस-तीस मिनिटं मावतात, आवाज चित्रासोबतच येतो, टेप लगेच पाहता येते आणि पुसून पुन्हा वापरता येते. बोलणाऱ्या बाईला 'लवकर आटपा' म्हणावं लागत नाही. निर्माता लागत नाही, म्हणून कुणाची परवानगीही लागत नाही.

अडचण संकलनात यायची. दोन रेकॉर्डर जोडायचे, दोन्हींच्या टेप काही सेकंद मागे न्यायच्या, कारण फिरकीला वेग धरायला वेळ लागतो. मग दोन्ही एकदम सुरू करून नेमक्या क्षणी रेकॉर्डचं बटण दाबायचं. हात किंचित मागेपुढे झाला की जोड चुकतो, चित्र फाटल्यासारखं थरथरतं. शिवाय प्रत्येक प्रतीगणिक चित्र मळकं होत जातं. त्या काळच्या टेपमध्ये जोडापाशी जो झटका दिसतो, त्याला तुमच्या फाइलमधला दोष समजू नका.

'स्वा बेल ए ते-त्वा', म्हणजे 'सुंदर दिस आणि गप्प बस', हा यातला गाभा. चित्रण १९७५-७६, प्रदर्शन १९८१, लांबी ११५ मिनिटं. लॉस एंजेलिस आणि पॅरिसमधल्या वीसहून जास्त नट्या, कॅमेऱ्यामागे रूसोपूलोस, प्रश्न विचारणारी सेरीग. प्रश्न तेच-तेच आहेत आणि बांधणीची ताकद त्यातच आहे. तू पुरुष असतीस तर नटच झाली असतीस का? दुसऱ्या बाईबरोबर मायेचा, मैत्रीचा प्रसंग कधी वाट्याला आला का? दुसऱ्या प्रश्नावर एकामागून एक चेहरे आठवू लागतात, आणि फारसं काही आठवत नाही. तेवढी शांतता पुरते. जेन फोंडा उत्तम फ्रेंचमध्ये सांगते की वॉर्नर स्टुडिओच्या मेकअप खोलीत तिला दाताच्या डॉक्टरकडे असते तशा खुर्चीत बसवलं, तज्ज्ञ भोवती जमले, केस सोनेरी करा, गाल खोल दिसावेत म्हणून जबडा मोडून घ्या, छातीला भर घाला असं सुचवलं गेलं. ती हे आवाज न चढवता सांगते, म्हणून जास्त लागतं. मारिया श्नायडर आणि कृष्णवर्णी अभिनेत्री मेडी नॉर्मन यांचे भाग मुळीच पळवू नका.

'मासो ए मिसो' या दुसऱ्या टेपेची गंमत समजायला संदर्भ हवा. १९७५ हे संयुक्त राष्ट्रांचं महिला वर्ष. ३० डिसेंबरला फ्रेंच टीव्हीवर सूत्रसंचालक बेर्नार पिवोने एक कार्यक्रम केला. त्यात बायकांविषयी अत्यंत हिणकस बोलणारे पुरुष होते, आणि स्त्रियांच्या प्रश्नांच्या राज्यसचिव फ्रान्स्वाज जिरू त्यांना हसून सांभाळून घेत होत्या. सेरीग, रूसोपूलोस, विडेर आणि नादिया रिंगार या चौघींनी ते प्रक्षेपण घेतलं, वाक्यं थांबवली, पुन्हा पुन्हा वाजवली, मधे हाताने लिहिलेल्या पाट्या घातल्या. नाव झाक रिव्हेतच्या 'सेलीन ए ज्युली' या चित्रपटावरून बेतलेलं. पाट्या वाचता आल्या नाहीत तर काहीच हाती लागत नाही, म्हणून सबटायटल्स असलेलीच प्रत घ्या.

पाहण्याचा क्रम असा ठेवा. पहिला 'देल्फीन ए कारोल' (२०१९), रूसोपूलोसची नात कालिस्टो मॅकनल्टी हिचा सत्तर मिनिटांचा माहितीपट. सगळी माणसं ओळखीची होतात. मग 'स्कम मॅनिफेस्टो', फक्त २७ मिनिटं: टेबलाच्या एका बाजूला सेरीग व्हॅलरी सोलानासचा त्याच नावाचा पुरुषविरोधी जाहीरनामा वाचते आहे, दुसऱ्या बाजूला रूसोपूलोस टाइप करते आहे, मधे टीव्हीवर बातम्या. मग 'स्वा बेल', शक्यतो २०२३ मध्ये फ्रान्समध्ये पुन्हा लागलेली दुरुस्त प्रत. शोधताना वर्ष तपासा, कारण १९५८ चा याच नावाचा मार्क आलेग्रेचा वेगळा चित्रपट आहे आणि हमखास तोच आधी मिळतो. 'जान दिएलमान' २०१ मिनिटांचा. त्याच्या तालमींचा नट सामी फ्रेने घेतलेला व्हिडिओही मिळवा. त्यात सेरीग साध्या-साध्या हालचालीमागचं कारण आकेरमानला विचारत राहते, आणि तिच्यातली दिग्दर्शिका तिथे उघड दिसते.

'इंडिया साँग' नावावरून घ्याल तर फसाल. कथा १९३७ च्या कलकत्त्यातली, पण चित्रण पॅरिसजवळच्या एका ओसाड हवेलीतलं. पडद्यावर कुणाचे ओठ हलत नाहीत, संवाद सगळे बाहेरून येतात. त्यात भारत शोधू नका, तिचं चालणं पाहा.

१९८२ मध्ये सेरीग, रूसोपूलोस आणि विडेर या तिघींनी मिळून पॅरिसला सिमोन द बोव्हुआर दृक्‌श्राव्य केंद्र काढलं. या टेपा जपल्या गेल्या त्या त्यामुळे. पूर्ण लांबीच्या कथापटासाठी सेरीगने अमेरिकेच्या 'वाइल्ड वेस्ट'मधली दंतकथा बनलेली बाई कॅलॅमिटी जेन हिची मुलीला लिहिलेली म्हणून प्रसिद्ध असलेली पत्रं निवडली होती. १९८३ मध्ये ती छायालेखिका बाबेत मांगोल्तला घेऊन मोंटानाला जाऊन चित्रणही करून आली. चित्रपट उभा राहिला नाही, आणि १९९० मध्ये ती गेली. ते चित्रण मांगोल्तने जपून ठेवलं आणि जवळपास साडेतीन दशकांनी त्यातून स्वतःचा चित्रपट केला. तो सर्वात शेवटी पाहा.