ती हसली, याचा राग का यावा?

प्रश्न : माझी धाकटी बहीण पणजीत नोकरीला होती. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका वरिष्ठाने तिच्यावर हात टाकला. तिने नोकरी सोडली, आता फोंड्याला आमच्याकडेच असते. आईने देवीला कौल लावला, नातेवाइकांना उत्तरं मी देत राहिले. परवा आम्ही दोघींनी लॅपटॉपवर ‘सॉरी, बेबी’ हा अमेरिकन सिनेमा पाहिला. विषय काय आहे ते कळल्यावर मी बंद करायला निघाले, तिने करू दिलं नाही. डॉक्टरच्या प्रसंगाला तर ती खदखदून हसली. मला त्या दिग्दर्शकाचा राग आला आणि तिचाही. अशा गोष्टीवर विनोद करावा का? आणि आईला हा सिनेमा दाखवावा का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, तुमची बहीण नेमकी कुठे हसली ते बघा. सिनेमाची नायिका ॲग्नेस, तिच्यावर तिच्याच प्राध्यापकाने अत्याचार केलेला असतो. डॉक्टर कागदावरचे प्रश्न विचारतो आणि तिला सांगतो, आंघोळ करण्याआधी यायला हवं होतं. मैत्रीण लिडी त्याला तिथल्या तिथे सुनावते. पुढे विद्यापीठातल्या दोन बाई म्हणतात की त्या प्राध्यापकाने आधीच राजीनामा दिलाय, आता आमच्या हातात काही नाही. वर, आम्हीही बायकाच आहोत, आम्हाला समजतं! हसू येतं ते या माणसांचं. ॲग्नेसवर जे ओढवलं त्यावर सिनेमात एकही विनोद नाही. असे डॉक्टर आणि असे साहेब तुमच्या बहिणीने जवळून पाहिले असणार. तिला ते पडद्यावर ओळखू आले, म्हणून ती हसली.

ती घटना कशी दाखवलीय तेही आठवा. ॲग्नेस प्राध्यापकाच्या घरात जाते तेव्हा चांगला उजेड असतो. कॅमेरा बाहेर रस्त्यावरच थांबतो. दार बंद. तेच घर, पण उजेड कमी झालेला. मग तेच घर, रात्र. मग ती बाहेर येते आणि गाडीत बसते. आत काय झालं ते आपल्याला कळतं ते ती घरी येऊन टबात बसून लिडीला सांगते तेव्हा, तिच्या शब्दांत, तिला जमेल तेवढंच. अत्याचाराचा प्रसंग चवीने दाखवणारे सिनेमे मी पुष्कळ पाहिलेत, त्यांचा मला मनापासून संताप येतो. इथे दार लावून घेतलंय, आणि म्हणूनच पुढच्या हसण्यावर मला विश्वास ठेवता आला.

लेखन, दिग्दर्शन आणि ॲग्नेसची भूमिका तिन्ही एव्हा व्हिक्टर यांचं. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच सिनेमा. आधी त्या इंटरनेटवर छोटे विनोदी व्हिडिओ करत. २०२५च्या सनडान्स महोत्सवात याच्या पटकथेला पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. घटनेचं वर्ष त्यांनी पहिलं ठेवलेलं नाही. आधी आपल्याला दोन मैत्रिणी भेटतात, एकमेकींची टर उडवणाऱ्या. ॲग्नेसची ओळख आपल्याला तिच्या बोलण्यातून होते, तिच्यावर काय गुदरलं ते नंतर समजतं. (शेजाऱ्याबरोबरचं प्रकरण मला जरा सैल वाटलं, पण ते असो.)

आपल्या गोव्यातल्या माणसाला हे परकं वाटू नये. काल्यात, म्हणजे आपल्या देवळांतल्या दशावतारी नाटकात, संकासुर येतो तो वेद चोरणारा असुर, पोरं त्याला घाबरून आईला बिलगतात आणि त्याच्याच बोलण्यावर अख्खा मांडव हसतो. पण हसले म्हणून वेद चोरीला गेले हे कुणी विसरत नाही.

तुमचा राग मी समजू शकते. दोन वर्षं तुम्ही घरात आवाज खाली ठेवून वावरताय, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं तीच मोठ्याने हसते. पण तिला हसताना बघून घाबरू नका, आणि त्यावरून ‘आता बरी झाली’ असंही धरून चालू नका. सिनेमात ॲग्नेसला गाडी चालवताना धाप लागते, तेव्हा सँडविचच्या दुकानाचा मालक तिच्याजवळ येऊन बसतो, तिला श्वास घ्यायला लावतो, खायला देतो. तीन वर्षं झाली असं ती सांगते, तेव्हा तो म्हणतो की तीन वर्षं म्हणजे काही फार नव्हेत. तुमच्या घरात तर दोनच झालीत.

तिची झोप उडत असेल, अंगाला कंप सुटत असेल, तर बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे तिथल्या सरकारी मानसोपचार रुग्णालयात, तिच्याबरोबर जा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीत बोलता येतं. तुम्हीही बोला, फक्त तिच्यासाठीच आहे असं नाही.

आईला दाखवायचा की नाही, हे मला विचारू नका, धाकटीला विचारा. ती नको म्हणाली तर विषय तिथेच सोडा. हो म्हणाली, तर आईच्या शेजारी कोण बसणार तेही तिलाच ठरवू द्या.