मांगूर पाण्याबाहेर तासन्‌तास जगतो कसा?

प्रश्न : उजनी जलाशयाच्या फुगवट्याकाठी मांगूर माशाची तळी नष्ट केल्याच्या बातम्या आम्ही अधूनमधून वाचतो. हा मासा बाजारात पाण्याविना टोपलीत तासन्‌तास वळवळताना मी स्वतः पाहिला आहे. हे त्याला कसे जमते? आणि लोक त्याला ‘थाई’ म्हणत असताना तो आफ्रिकेतला आहे, हे खरे का?
– एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : खरे आहे. या माशाचे शास्त्रीय नाव क्लॅरियस गॅरिपायनस. इंग्रज निसर्गअभ्यासक विल्यम बर्चेल यांनी १८२२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज नदीचे ‘गारीप’ हे स्थानिक नाव त्याला दिले. त्या नदीपासून थेट नाईलपर्यंत आफ्रिकेतील बहुतेक नद्या-सरोवरांत तो आढळतो. थायलंड आणि बांगलादेश या वाटेने तो आपल्याकडे पोहोचल्यामुळे ‘थाई’ हे विशेषण त्याला चिकटले.

आता श्वसनाविषयी. सामान्य माशाला पाण्याबाहेर काढले की त्याच्या कल्ल्यांचे नाजूक तंतू एकमेकांना चिकटतात आणि भोवती भरपूर हवा असूनही तो गुदमरतो. मांगुराचे कल्ल्याचे झाकण उचलून आत पाहिले, तर कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत फुलकोबीच्या तुऱ्यांसारखे, फांद्या फुटलेले लालसर अवयव दिसतात. दुसऱ्या आणि चौथ्या कल्ला-कमानीपासून ते निघतात, आणि आत कूर्चेचा आधार असल्यामुळे हवेतही मिटत नाहीत. त्यांच्यावरच्या पातळ त्वचेत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. मासा पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेतो, ती या पोकळीत ढकलतो आणि तेथून प्राणवायू रक्तात शोषला जातो. टबात दाटीने ठेवलेले मांगूर थोड्या थोड्या वेळाने तोंड वर काढताना दिसतात, ते यासाठीच. अंग ओले राहिले, तर टोपलीतही हा व्यवहार चालू राहतो.

ही सोय त्याच्या मायभूमीने घडवली आहे. आफ्रिकेतील अनेक नद्यांची पूरमैदाने कोरड्या ऋतूत आटून डबकी होतात, त्या गढूळ पाण्यात प्राणवायू जवळजवळ उरत नाही, आणि मागे राहतो तो चिखलात रुतून ओलाव्यावर तग धरणारा हा मासा. डबके अगदीच आटू लागले, तर छातीच्या परांतील कणखर काट्यांवर भार देत, अंग सापासारखे वळवत तो रात्री ओल्या जमिनीवरून दुसरे पाणी गाठतो.

त्याच्या अंगावर खवले नाहीत. त्वचा गुळगुळीत, बुळबुळीत आणि पाठीकडे काळपट-करडी असते. डोके चपटे व हाडांनी कवचासारखे झाकलेले, डोळे अगदी बारीक. गढुळात उपयोगी पडतात त्या तोंडाभोवतीच्या मिशांच्या चार जोड्या, ज्यांनी तो अन्न चाचपतो आणि त्याची चवही घेतो. किडे, गोगलगायी, बेडूक, मासे, सडके मांस, पाण्यात पडलेली फळे असे त्याला काहीही चालते. दीड मीटरहून लांब मासे आफ्रिकेत नोंदले गेले आहेत. आपला देशी मागूर, जो याच क्लॅरियस प्रजातीतला आहे, तो फार तर दीड फुटापर्यंत वाढतो.

विणीचा काळ पावसाचा. नदी काठ सोडून पसरली की नर-मादी रात्री उथळ, नुकत्याच बुडालेल्या गवतात येतात. चिकट अंडी गवताला धरून राहतात आणि ऊबदार पाण्यात दीड-दोन दिवसांत फुटतात. आईबाप पिलांची राखण करत नाहीत.

खादाडपणा, वाढ आणि चिवटपणा हे तिन्ही गुण एकत्र आल्यामुळे तळ्याचा बांध पुरात फुटला, तर हा मासा नदीतल्या स्थानिक माशांच्या मुळावर उठतो. म्हणूनच २००० साली केंद्र सरकारने त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. ही बंदी मला पूर्णपणे योग्य वाटते. बाजारात शंका आली, तर मासा उलटा करून डोक्याची खालची बाजू पाहावी : वाढलेल्या आफ्रिकी मांगुराच्या तेथे बहुधा दोन्ही कडांना एकेक गडद लांबट पट्टा असतो.