विश्वास उरला नाही, तरी स्वतःला ख्रिस्ती म्हणावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: घर बेळगावचं, मराठी आणि ख्रिस्ती. देवावरचा विश्वास कॉलेजात असतानाच गेला. पण नाताळ, चर्चमधली गाणी, मंडळीतली, म्हणजे चर्चच्या समाजातली, माणसं सुटत नाहीत. अशा वेळी स्वतःला 'संस्कृतीने ख्रिस्ती' म्हटलं तर ते ढोंग ठरेल का?

माझ्या मते नाही ठरणार. गेली वीसेक वर्षं मी त्याच जागी उभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा शब्द आपल्याकडे आला तो युरोपातून. रिचर्ड डॉकिन्स हे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध नास्तिकांपैकी एक. 2024 च्या ईस्टरच्या सुमारास एका मुलाखतीत त्यांनी स्वतःला 'सांस्कृतिक ख्रिस्ती' म्हटलं. श्रद्धा नाही, पण नाताळची गाणी आणि जुनी चर्चेस आपली वाटतात, असं त्यांचं म्हणणं. इंग्लंडमध्ये ते सहज म्हणता येतं. तिथला राजाच चर्चचा प्रमुख, गावोगावी दगडी चर्च. ख्रिस्ती असणं तिथं हवेसारखं आहे, त्यासाठी कुणाला काही सोडावं लागलं नाही.

आपल्याकडे सोडावं लागलं. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर 1820 मध्ये बेळगावला आले. पुढे 1904 मध्ये सोसायटीने इथलं काम मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाकडे सोपवलं. या दोन सालांच्या मध्ये कधीतरी माझ्या खापरपणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. भाऊबंदांनी त्यांना वाळीत टाकलं, पाणवठा बंद केला, शेतातला वाटा गेला. आणि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, 1956 मध्ये शिखांना मिळाला, 1990 मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो आजही नाही. म्हणजे आमच्या घरात पाच पिढ्यांनी या एका शब्दाची किंमत भरली आहे. माझा विश्वास गेला म्हणून तो शब्द मी टाकून द्यावा, हे मला पटत नाही. त्यांच्या निर्णयाचा मी वारस आहे.

आता संस्कृती म्हणजे नेमकं काय, हेही बघायला हवं. आमच्या नाताळच्या डब्यात करंज्या, चकल्या, शंकरपाळी आणि कुंदा. आईच्या मंगळसूत्रात काळे मणी आणि मधे छोटा क्रूस. लग्नात हळद लागते, वरातीत बँड वाजतो. हे सगळं शेजारच्या मराठा घरासारखंच. हे बाजूला केलं की आमचं म्हणून जे उरतं ते दोनच गोष्टींत: वाचन आणि गाणं.

माझी आजी शाळेत गेली ती फक्त दुसरीपर्यंत. तिला वाचता यायचं ते बायबलमधल्या शुभवर्तमानामुळे. रोज रात्री ती कंदिलाजवळ बसायची आणि ओळीखालून बोट फिरवत मोठ्यानं वाचायची. त्या पुस्तकाची पानं उजव्या खालच्या कोपऱ्यात काळपट आणि कापडासारखी मऊ झाली होती, कारण पान उलटायचं तिथूनच. आमच्या गल्लीत तिच्या वयाच्या दुसऱ्या कुठल्याच बाईला वाचता येत नव्हतं. कुणाचं पत्र आलं की बायका आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायच्या. मला अक्षरओळख झाली तीही त्या बोटाच्या मागं मागं जात. 'काय बघालास नुसता? म्हण की,' असं म्हणून ती पुढची ओळ मला वाचायला लावायची.

आणि गाणं. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, आणि त्यांनी अभंगाच्या, ओवीच्या वळणाची भजनं लिहिली. म्हणून आमच्या उपासनेत पेटी आणि तबला शोभून दिसतात. मी तेराव्या वर्षापासून चर्चमध्ये पेटी वाजवतो. विश्वास गेल्यावर पाळकसाहेबांना जाऊन सरळ सांगितलं, की माझं मन आता मानत नाही, मी पेटी सोडतो. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'पुढच्या रविवारी कोण वाजवणार मग?' दुसरं कुणी नव्हतं. मी आजही वाजवतो.

पण काही ठिकाणी मी थांबतो, आणि तुम्हीही थांबावं असं मला मनापासून वाटतं. विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धा जाहीर करणारा पाठ, म्हणताना सगळे उभे राहतात, मीही राहतो, पण ओठ हलवत नाही. प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर घ्यायला, पुढं जाऊन गुडघे टेकत नाही. ज्यांच्यासाठी तो तुकडा खरंच काहीतरी आहे, त्यांच्या शेजारी बसून मी तो चवीपुरता खावा, हे बरं नाही. लग्नाच्या वेळीही हाच प्रश्न आला. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात ख्रिस्ती म्हणजे तो धर्म मानणारा. बायको खानापूरकडची मराठा, तिला धर्म बदलायचा नव्हता, मलाही खोटं बोलायचं नव्हतं. आम्ही 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केली, 30 दिवसांची नोटीस लावून. मुलीचा बाप्तिस्मा केला नाही. आईबापांनी तिथं जे वचन द्यायचं असतं ते मला देता आलं नसतं. आई त्या दिवशी जेवली नाही. ते दुःख अजून आमच्या दोघांच्या मधे आहे आणि मी ते हलकं करून सांगणार नाही.

एक नातेवाईक मला म्हणाला होता, 'तुला मंडळी फक्त मातीपुरती पाहिजे.' तेव्हा फार लागलं. वडील गेले तेव्हा तेरा दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही, मंडळीतल्या घरांतून पाळीपाळीनं डबे आले. खड्डा काढायला पोरं पहाटे पाचला दफनभूमीत गेली. पुनरुत्थानावर माझा विश्वास नाही, तरी त्या दिवशी मीच पेटी वाजवली. तेव्हापासून कुणाच्याही मातीला मी पेटी घेऊन जातो, बोलावणं येवो न येवो.

2025 च्या सप्टेंबरात कर्नाटक राज्य मागासवर्ग आयोगाचा सर्व्हे सुरू झाला. एक शिक्षिका आमच्या घरी आल्या. साठ प्रश्न होते. धर्माच्या प्रश्नाला आईनं माझ्या आधीच 'ख्रिस्ती' सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली. बाईंनीही मोबाईलवरून मान वर केली. मी म्हटलं, 'हो, ख्रिस्ती.' ते खोटं बोललो असं मला वाटलं नाही. तुमच्या घरी 2027 च्या जनगणनेचं माणूस येईल तेव्हा तुम्ही काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तुम्ही सांगाल तेच लिहायचं असतं.

एक काम मात्र आधी करा. घरात 'उपासना संगीत' हे चर्चमधल्या गाण्यांचं जुनं पुस्तक असेल तर आईला किंवा आजीला जवळ बसवा आणि त्यातली गाणी त्यांच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. पुस्तकात शब्द आहेत, पण आमच्याकडच्या कितीतरी चाली फक्त म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहेत. माझ्या आजीला येणाऱ्या तीन चाली तिच्याबरोबर गेल्या. शब्द समोर आहेत, पेटीवर बोटं ठेवून बसतो, पण त्या काही येत नाहीत.