रेटिनाचा रिपोर्ट नॉर्मल असेल, तर मधुमेहाचा डोळ्यांवर अजून परिणाम झालेला नाही असे समजावे का?

असे मुळीच समजू नये. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, रक्तवाहिन्यांचे फुगवटे, रक्तस्राव किंवा सूज दिसली नाही.

माझे बाबा शिंपी होते. मधुमेह जडल्यावर काही वर्षांनी दिवेलागणीला त्यांना गडद निळा आणि काळा दोरा वेगळा ओळखता येईना. रिळाचे टोक ओढून ते दारातल्या उजेडात नेत, पांढऱ्या चिंधीवर धरून पाहत आणि मगच सुईत ओवत. डॉक्टरांकडचा अक्षरांचा तक्ता मात्र ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, आणि थेंब घालून केलेल्या तपासणीत पडदाही स्वच्छ निघाला. तेवढ्या कागदावर थोरल्या भावाने निकाल दिला, की बाबांना कामाचा कंटाळा आला आहे, बाकी सारे मनाचे खेळ. ज्याचा जन्म छटा जुळवण्यात गेला, त्याच्या नजरेला खोटे पाडणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

पडदा हा मुळात चेतापेशींचा थर आहे आणि साखरेची झळ त्या पेशींनाही लागते. मधुमेही उंदरांच्या पडद्यातील चेतापेशी महिनाभरातच मरू लागतात, हे 1998 मध्येच प्रसिद्ध झाले आहे. माणसांतही रेटिनोपॅथी, म्हणजे पडद्यावरचे फुगवटे-रक्तस्रावासारखे बिघाड, दिसण्यापूर्वी ईआरजी तपासणीत पडद्याचा विद्युत प्रतिसाद मंदावलेला आढळू शकतो, ओसीटी या पडद्याच्या स्कॅनमध्ये आतले थर किंचित पातळ दिसू शकतात, आणि फिक्या अक्षरांतला किंवा निळ्या-पिवळ्या रंगांतला फरक ओळखणे जड जाऊ लागते. तक्त्यावरची ठळक काळी अक्षरे यातले काहीच पकडत नाहीत.

उपाय विचाराल, तर तो साखरेवरच आहे. टाइप 1 मधुमेहींवरच्या, 1993 मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या डीसीसीटी या अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासात, सुरुवातीला पडदा स्वच्छ असलेल्या रुग्णांमध्ये काटेकोर नियंत्रणामुळे रेटिनोपॅथी होण्याचा धोका 76 टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल असतो तीच खरी कामाची वेळ, आणि आमच्या घरात ती वेळ बाबांना आळशी ठरवण्यात गेली.

अर्थात ईआरजी प्रत्येकाला लागत नाही, आणि असे बदल दिसलेल्या प्रत्येकाला पुढे रेटिनोपॅथी होतेच असेही नाही. रंग मळकट दिसण्यामागे मोतीबिंदूही असू शकतो, म्हणून वर्षाच्या तपासणीला जाताना आपली तक्रार नेमक्या शब्दांत सांगावी आणि डोळ्यातले भिंगही पाहून घ्यायला सांगावे.